गाडीचं झालं, ड्रायव्हरचं बोला

…आणि वर मलाच विचारतात, "मास्तर, तुम्ही शिकलेले ना? मग सांगा की!" आता काय सांगू? मी शाळेत भूगोल शिकवतो हो! मला वारे कुठून कुठे वाहतात ते विचारा, कुठली नदी कुठे उगम पावते ते विचारा, झोपेतून उठवून विचारा, पण ट्रकचा विमा? तुम्हाला सांगतो, त्या विम्याच्या कागदावरचं पहिलं वाक्य मी वाचायला घेतलं ना, ते संपलं तिसऱ्या पानावर! मधे श्वास घ्यायला एक स्वल्पविराम नाही! आणि समोर आमचे दाजी बसलेले, दोन्ही हात मांडीवर, डोळे माझ्या तोंडाकडे, डॉक्टर आतून बाहेर येऊन काय सांगतोय याची वाट बघत असल्यासारखे…

दाजी म्हणजे माझ्या सख्ख्या ताईचे यजमान. माणूस कसा? बावीस वर्षं लोकांचे ट्रक चालवले, गाडीला कधी ओरखडा नाही. घरात बसून, रस्त्यावरून गेलेल्या गाडीचा नुसता आवाज ऐकून सांगतात, "हिचं मागचं आतलं चाक कुरकुरतंय." आणि ते कुरकुरत असतं! पण हाच माणूस, समोर छापील कागद आला की त्याच्या चेहऱ्यातली सगळी हवा जाते. बसतंच खाली चाक.

तर झालं काय, दाजींचे जुने मालक थकले, त्यांनी धंदा आवरला आणि दाजींना म्हणाले, "ही दहाचाकी तूच वाढवलीस, तूच घे." आणि घेतली! घरासमोर गाडी उभी राहिली त्या दिवशी ताई बाहेर आली, ओल्या हातानं एकेक चाक चाचपून बघितलं, दहाच्या दहा, भाजीवालीकडची वांगी बघावीत तसं. पहिलं भाडंही ठरलं. फरशांच्या कारखान्यातून फरशा भरायच्या, सोमवारी सकाळी. तिथला कारकून फोनवर म्हणाला, काय तो आवाज, इस्त्री केलेला… "विम्याचा कागद दाखवा, मग फाटक. कागद नाही, फाटक नाही." ठेवला फोन. आणि तो वार होता मंगळवार.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? एजंटला बोलवायचं, सही ठोकायची, मोकळं व्हायचं. मीही तेच म्हणालो! पण दाजींच्या डोक्यात भोंगा होता.

भोंगा म्हणजे हॉर्न नव्हे, माणूस. दाजींचा जोडीदार, दोघं एकाच मालकाकडे. आवाज असा की हा हॉटेलात चहा मागायचा आणि शेजारच्या हॉटेलातला पोऱ्या… नाही, शेजारच्या हॉटेलचा मालक चहा घेऊन यायचा! तर हा भोंगा गेल्या वर्षी उभ्या गाडीवर चढून ताडपत्री बांधत होता, दोर सुटला हातातून, आणि आला तो वरून थेट खाली. कमरेचं हाड गेलं. आणि गाडीला? गाडीला काही झालं नाही हो, तेच तर वाईट झालं! विमा कंपनीचा माणूस आला, गाडीभोवती एक फेरी मारली, काचा बघितल्या, टायर बघितले, वहीत लिहिलं, "नुकसान काही नाही," आणि गेला! नुकसान तिकडे दवाखान्यात पाय टांगून पडलेलं! दाजी त्याला भेटायला गेले, तर तो भोंगा… कुजबुजत बोलला. "माझं त्यात काहीच नव्हतं रे. सगळं गाडीचं होतं." एवढंच. दाजी घरी आले, आणि ताईनं वाढलेलं ताट तसंच राहिलं त्या दिवशी.

म्हणून दाजींनी विमा काढायला बसताना एकच वाक्य धरलं होतं. एकच! आणि सगळा आठवडा ते वाक्य घेऊन हा माणूस दारोदार फिरला, आणि मी त्यांच्या मागे, शिकलेला म्हणून!

पहिला आला एजंट. गोड माणूस. इतका गोड की बोलता बोलता मुंग्या लागतील. ताईच्या शिलाई मशीनवर त्यानं आपले रंगीत कागद पसरले आणि सुरू… "साहेब, काळजीच सोडा! आपल्यात थर्ड पार्टी येते, आपल्या गाडीचं नुकसान येतं, चोरी येते, आग येते, भूकंप, पूर, दरड, वीज…" इथे मला जरा बरं वाटलं, म्हटलं आला, आला माझा विषय आला! पण दाजींनी हात वर केला. वर्गात करतात तसा.

"थर्ड पार्टी म्हणजे?"

"तिसरा माणूस, साहेब. ज्याला आपली गाडी लागेल तो."

"मग पहिला कोण?"

"पहिले तुम्ही."

"दुसरा?"

"कंपनी."

"आणि भरपाई आधी तिसऱ्याला?"

"कायदाच आहे तसा."

दाजींनी ते डोक्यात नीट लावून घेतलं, ट्रकच्या मागच्या फाळक्याची कडी लावतात ना, तसं खट्कन. म्हणाले, "बरं. तिसऱ्याचं झालं. गाडीचं झालं. ड्रायव्हरचं बोला."

एजंट हसला. "साहेब, समजा भूकंप झाला. गाडीची पूर्ण भरपाई!"

"मी गाडीत असलो तर?"

आता एजंट विचारात पडला, खरंच पडला हो, मी बघितलं, आणि अगदी कळवळून म्हणाला, "भूकंपात गाडीत बसूच नका ना, साहेब!"

त्यानं एक नंबर लिहून दिला, म्हणाला यावर सगळी माहिती मिळते, आणि चहा पिऊन गेला.

बुधवार त्या नंबरात गेला. फोनवर बाई, पण खरी बाई नाही, भरून ठेवलेली. "नव्या पॉलिसीसाठी एक दाबा. नूतनीकरणासाठी दोन दाबा. वाहनाच्या नुकसानीसाठी तीन दाबा…" दाजी फोन कानाला लावून माझ्याकडे बघतायत, "मास्तर, ड्रायव्हरसाठी किती दाबू?" मला काय माहीत! म्हटलं तीन दाबून बघा. दाबलं. पुन्हा बाई, पुन्हा एक, दोन, तीन… चौथ्यांदा ती बाई आली तेव्हा दाजी तिच्याशी बोलायलाच लागले हो! अगदी नम्रपणे, "ताई, ते गाडीचं झालं सगळं. ड्रायव्हरचं बोला ना." आणि ती काय म्हणावी? "आपण निवडलेला पर्याय उपलब्ध नाही." दाजींनी फोन खाली ठेवला. म्हणाले, "खोटं नाही बोलली बिचारी."

इकडे ताई काय करत होती? ताई कपडे शिवत होती, आमचं सगळं ऐकत होती, आणि एक शब्द बोलत नव्हती. मग तिनं काय केलं, एजंट टाकून गेला होता ती नमुना पॉलिसी उचलली, कपड्यावर खुणा करायचा निळा खडू घेतला आणि वाचायला बसली. सगळी! चोवीस पानं! जिथे समजलं नाही तिथे निळी रेघ, जिथे फसवल्यासारखं वाटलं तिथे निळी फुली. मी एक वाक्य वाचून पाणी प्यायला उठलो होतो, आणि ती म्हणते, "अरे, ब्लाउजचं माप वाचण्यापेक्षा सोपं आहे. कुठे सैल सोडलंय तेवढं बघायचं." आता बोला! आणि हिला विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण शिकलेला मी!

गुरुवारी ताईच म्हणाली, "चला, सरळ कचेरीत जाऊ." गेलो तिघं. विमा कंपनीची कचेरी, लांबच लांब काउंटर, वर पंखा, भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र, आई-बाप-दोन मुलं, सगळ्यांचे दात एकसारखे. काउंटरमागे एक बाई, चष्म्याला साखळी लावलेली, बोलणं मोजून मापून. आणि खरं सांगायचं तर सबंध आठवड्यात दाजींचं वाक्य पूर्ण ऐकून घेणारी ती पहिली. दाजी म्हणाले, "मॅडम, गाडीचं मला समजलं. ड्रायव्हरचं बोला." आणि मॅडम म्हणाल्या, "बोलते. बसा."

बसा! अहो, दाजींच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं!

मॅडम म्हणाल्या, "एक कलम आहे, मालक-चालक. जो गाडीचा मालक आहे आणि स्वतः चालवतो, त्याला अपघात झाला तर त्याला भरपाई मिळते. किंवा त्याच्या घरच्यांना."

"म्हणजे मीच!" दाजी उठून उभेच राहिले. "मी मालक, मीच चालक! मास्तर, मिळालं!" मी पण उठलो, ताई पण उठली, भिंतीवरचं कुटुंब पण जरा जास्त हसलं असं मला वाटलं. मॅडमनी गाडीचे कागद मागितले, दाजींनी दिले, मॅडमनी साखळीवाला चष्मा लावला… आणि थांबल्या.

"तुम्ही मालक नाही."

"म्हणजे?"

"कागदावर मालक या आहेत." आणि बोट ताईकडे!

आता… आता मला सांगा, ही अक्कल कुणाची? माझी! गाडी नावावर करायची तेव्हा वाहन कचेरीच्या खिडकीवर पाटी होती, महिलांच्या नावे नोंदणी केल्यास फीमध्ये सवलत, आणि मी, शिकलेला, म्हणालो, "दाजी, ताईच्या नावावर करा, फायदा आहे!" सगळे म्हणाले, "मास्तर हुशार!" तेव्हापासून मी त्या हुशारीत होतो, तो त्या काउंटरवर खाली आलो. ताडपत्री धरायलाही मिळाली नाही!

मॅडमनी ताईला विचारलं, "तुमच्याकडे ट्रकचं लायसन्स आहे?"

ताई म्हणाली, "मी शिलाई मशीन चालवते. त्याला लागत नाही."

"मग मालक-चालक कलम लागू होत नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मालक आहेत त्या चालवत नाहीत, आणि चालवतात ते मालक नाहीत."

दाजी बाकावर बसले. तुम्हाला सांगतो, मी त्या माणसाला भर उतारावर ब्रेक कमी लागत असताना गाडी सांभाळून खाली आणताना बघितलंय, शेजारी बसून, डोळे मिटून. तेव्हाही असा चेहरा नव्हता. हळूच म्हणाले, "लोकांची गाडी चालवली तेव्हा मी मालक नव्हतो म्हणून माझं काही नव्हतं. आता घरची गाडी आहे, तरी मी मालक नाही. मग मी आहे कोण?" हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं, समोरच्या फरशीला विचारलं होतं. आणि मी? मी भिंतीवरच्या कुटुंबाचे दात मोजत होतो. दुसरं काय करणार!

म्हटलं, "मॅडम, नाव बदलून घेऊ की!" त्या म्हणाल्या, "महिना लागेल. तुमची गाडी कधी निघणार?" सोमवारी. कागद नाही, फाटक नाही!

तेव्हा मॅडमनी चष्मा काढला, साखळीवर सोडला आणि म्हणाल्या, "दुसरा रस्ता आहे. पगारी चालक. मालकानं नोकरीवर ठेवलेल्या चालकाला वेगळं संरक्षण घेता येतं. थोडा जास्त हप्ता. फक्त नेमणूकपत्र लागेल, मालकाच्या सहीचं."

"कुणाची नेमणूक?" मी विचारलं.

"यांची."

"कोण करणार?"

"या."

दाजींनी ताईकडे बघितलं. ताईनं दाजींकडे बघितलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण त्या नजरेत जे होतं ना, ते मी पहिल्यांदाच बघत होतो. एक माणूस कामाला लागत होता.

पण ताई लगेच सही करणारी नव्हे! तिनं पिशवीतून ती निळ्या रेघांची चोवीस पानं काढली, सतरावं पान उघडलं, मोठ्ठी निळी फुली! "मॅडम, इथे लिहिलंय, वाहनात चढताना, उतरताना किंवा वाहन चालवताना. मग वर ताडपत्री बांधताना पडला तर?"

मॅडमनी ते पान स्वतःकडे ओढलं, वाचलं.

"ताडपत्री बांधणं यात नाही," मॅडम म्हणाल्या.

दाजी बाकावरून उठले. "पण मॅडम, मी वर चढलो, म्हणजे चढतानाच झालं ना?"

"चढून झाल्यावर तुम्ही वर असता. वर असणं यात नाही."

"मग वरून खाली आलो, म्हणजे उतरताना झालं!"

"पडणं म्हणजे उतरणं नव्हे."

"खालीच येतो ना मी शेवटी!"

"स्वतःच्या इच्छेनं यायला हवं!"

मॅडमनाही स्वतःचं वाक्य ऐकून कसंतरी झालं असावं, त्या म्हणाल्या, "थांबा, साहेबांना विचारते," आणि आत गेल्या. आत बराच वेळ गेला. आतून मधेच साहेबांचा आवाज, "गाडी चालू होती का बंद?" मग मॅडमचा आवाज, "साहेब, अजून पडलेच नाहीत ते!" शेवटी बाहेर आल्या. खरं सांगतो, त्या बाईंना वाईट वाटत होतं. म्हणाल्या, "साहेब म्हणाले, ते त्या त्या प्रकरणानुसार ठरेल."

"म्हणजे?"

"म्हणजे… पडल्यावर ठरेल."

झालं! आधी पडा, मग बघू! मी हसलो, काय करू, हसूच आलं, आणि दाजींकडे बघितलं तर ते हसत नव्हते. ते एकटेच नव्हते तिथे, त्यांच्या डोळ्यांसमोर भोंगा होता, कुजबुजणारा. तोंडातल्या तोंडात पुन्हा तेच, "गाडीचं झालं… ड्रायव्हरचं…" आणि पुढचं "बोला" निघालंच नाही.

तेव्हा ताई म्हणाली, "द्या फॉर्म." आवाज असा की मॅडमनी विचारलंसुद्धा नाही कुठला फॉर्म.

संध्याकाळी मशीनवरचं अर्धं शिवलेलं काम बाजूला सारून तिनं नेमणूकपत्र लिहिलं. मी म्हटलं, मजकूर सांगू का? म्हणाली, "तू बस." दोन ओळींत कचेरीला हवं ते लिहिलं, आणि मग खाली "अटी" म्हणून लिहायला लागली. अट पहिली, झोप आली की गाडी बाजूला घ्यावी, पोचायला उशीर झाला तर मालक बघून घेईल. अट दुसरी, जिथे थांबेल तिथून फोन करावा, "सगळं ठीक" एवढं बोललं तरी चालेल. आणि तिसरी, खाली दोनदा निळ्या खडूची रेघ… चालकाने कोणत्याही कारणासाठी गाडीच्या मालावर चढू नये. ताडपत्री माल भरणाऱ्या हमालांकडून बांधून घ्यावी.

दाजी उसळले, "अगं, बावीस वर्षं मी स्वतः बांधतोय! मला दुसऱ्यानं बांधलेली पसंत पडत नाही!"

ताईनं मान वर केली नाही. "विमा कंपनीला विचारून झालं. त्यांचं ठरत नाही, पडल्यावर ठरणार आहे. माझं आत्ताच ठरलंय." आणि लिहिता लिहिता हात थांबला तिचा. "तुमची गाडी गेली तर दुसरी येईल," म्हणाली, एवढंच, आणि पुन्हा लिहायला लागली. दाजींनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. मला म्हणाले, "मास्तर, कुठे करू सही?" आणि केली.

शनिवारी पॉलिसी हातात आली. दाजींनी पहिली पानं उलटलीसुद्धा नाहीत, गाडीची सगळी पानं मागे टाकली, शेवटच्या पानावर आले, आणि मला म्हणाले, "वाचा." वाचलं. "पगारी चालक, संख्या एक." म्हणाले, "पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं. त्या "एक"वर त्यांनी अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

सोमवारी फाटक उघडलं. मी सुट्टी काढून गेलो होतो बघायला. कारकुनानं कागद बघितला, शिक्का मारला, गाडी आत. फरशा भरल्या, वर हमाल चढले ताडपत्री बांधायला, आणि दाजी खाली उभे, हात पाठीमागे घट्ट बांधून, कारण सुटले तर वर चढतील! खालून ओरडतायत, "अरे ती गाठ नाही, दुसरी मार! कोपरा सैल राहिला! ओढ, ओढ!" ओरडून ओरडून घसा बसला माणसाचा. गाठ शेवटी त्यांना पसंत पडलीच नाही, पण बांधली गेली, आणि बांधणाऱ्यांतलं कुणी पडलं नाही.

केबिनमध्ये बसले, गाडी सुरू केली, आणि तेवढ्यात फोन वाजला. ताईचा. "निघालात? ताडपत्री कुणी बांधली?" दाजी म्हणाले, "हमालांनी." "तुम्ही कुठे होतात?" "खाली." "ठीक आहे. पुढे पोचलात की फोन करा." ठेवला.

दाजींनी काच खाली केली, माझ्याकडे बघितलं, गिअर टाकला आणि म्हणाले, "मास्तर, इतकी वर्षं एखाद्या मालकाशी पटलं नाही, की चावी टेबलावर ठेवायची आणि दुसरा बघायचा. आता राजीनामा दिला, तरी संध्याकाळी जेवायला मालकाकडेच जायचंय!"